जुना कलर टीव्ही: कोपऱ्यात जांभळा डाग, पोझिस्टर बदलू की पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या रिंगा फिरवू?

नमस्कार मंडळी, बेळगावातनं, शहापूरहून लिहितोय. १९८२ च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडं कलर आला, त्या दशकातले ट्यूबवाले सेट मी गोळा करतो, भंगारवाल्याकडं जायच्या आधी मिळाला तर उचलायचा आणि चालू करून ठेवायचा. आता खानापूरकडच्या एका घरातून २० इंची, लाकडी शटरचा सेट आणलाय. ट्यूब अजून दमलेली नाही, चित्र मस्त ब्राइट, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग पडतो आणि उजव्या कडेला पांढऱ्या अक्षरांना लाल-निळी किनार दिसते.

सेटला एव्ही सॉकेटच नाही, म्हणून डीव्हीडी प्लेअर आरएफ मॉड्युलेटरमधून (चित्राचा अँटेनासारखा सिग्नल करणारा डबा) अँटेनाच्या सॉकेटला दिला आणि सगळा पडदा लाल करून बघितला. मधे स्वच्छ लाल, कोपऱ्यात मात्र डाग तसाच, म्हणजे प्युरिटी (प्रत्येक रंगाचा किरण आपल्याच रंगाच्या ठिपक्यांवर पडणं) गेलीय. सेट चालू करताना डिगॉसिंगचा, म्हणजे ट्यूबमधलं साचलेलं चुंबकत्व घालवण्याचा, 'धुंग' असा आवाज येतो ना, तो पण येईना. डिगॉसिंग कॉइल मीटरवर चांगली दाखवते, पण पोझिस्टर (कॉइलला सुरुवातीला करंट देऊन मग तो कमी करणारा भाग) काढून कानाशी हलवला तर आत खुळखुळतोय, गोळी फुटलीय बहुतेक. तीन पायांचा आहे, वरचा नंबर पार पुसलाय.

इथले एक जुने मेकॅनिक काका म्हणाले मानेवरच्या चुंबकी रिंगा फिरव, बसेल. मला काय ते पटेना, कारण रिंगांचा परिणाम सगळ्या पडद्यावर होतो, डाग एका कोपऱ्यात आहे, आणि रिंगांवरचा कंपनीचा रंग अजून फुटलेला पण नाही. आधी डिगॉस, मग गरज पडली तरच प्युरिटी, आणि कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकावर एक जुळवणं) सगळ्यात शेवटी, असंच करायचं ना?

आणि हो, मधे रंग बरोबर जुळतात, फक्त कडेला फाटतात, तर मग योकच्या (मानेवरची, किरण वळवणारी कॉइल) रबरी पाचरांनाच हात लावावा लागेल का? त्या गोंदानं घट्ट बसल्यात, काच न दुखवता कशा सोडवायच्या? (चासी हॉट आहे, म्हणजे थेट मेन्सला जोडलेली, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावूनच काम करतो, आणि ट्यूबची हाय व्होल्टेजची टोपी डिस्चार्ज केल्याशिवाय मागं हात घालत नाही.)

तीन पायांच्या जागी दोन पायांचा पोझिस्टर चालेल का, वायरिंग कसं बदलायचं, तेही सांगा. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर, कुठंही कुणाकडं हातातली डिगॉसिंग कॉइल असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन, भाडं पण देईन.