हक्क कंपनीचा, मान्य. पण आठवण कुणाची?

फीतवाला

काल 'सरळरेघ' यांनी लिहिलं: "व्हिडिओ ॲपलचे, हक्क ॲपलचा, त्यांनी उतरवले. फुकट्यांनी गळा काढायचं कारण काय?" खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये एका हौशी संग्राहकाने जमवलेले डब्ल्यूडब्ल्यूडीसी या ॲपलच्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठीच्या वार्षिक परिषदेचे शेकडो जुने व्हिडिओ ॲपलच्या नोटिशींमुळे यूट्यूबवरून गेले, पाठोपाठ त्याची वाहिनीही गेली. हे व्हिडिओ ॲपल विकत नव्हती, दाखवतही नव्हती. तिच्या पैशाला कुणी हात लावलेला नव्हता.

कायदा कंपनीच्या बाजूने आहे, त्यावर माझा वाद नाही. माझं म्हणणं एवढंच: स्वतः दाखवायचं नाही आणि दुसऱ्याने जपलेलंही राहू द्यायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकदम करण्याचा नैतिक अधिकार कुणालाही नाही. नव्या वस्तूची घोषणा हा खाजगी समारंभ नसतो. कंपनी जगाला बोलावून, पत्रकारांना पुढच्या रांगेत बसवून सांगते की आम्ही अमुक करणार आहोत. त्या शब्दावर लोक पैसे मोजतात, नोकऱ्या बदलतात, धंदे उभे करतात. मग त्या शब्दाची नोंद एकट्या कंपनीच्या मर्जीवर कशी सोडायची?

एअरपॉवर, ते बिनतारी चार्जिंगचं पॅड, आठवतं? सप्टेंबर २०१७ मध्ये मंचावरून दाखवलं, मार्च २०१९ मध्ये रद्द केलं. सिरीचं, म्हणजे बोलून काम सांगायच्या मदतनिसाचं, तर ताजंच आहे. जून २०२४ मध्ये वैयक्तिक संदर्भ समजणारी सिरी दाखवली, तिच्यावर जाहिरात केली, मार्च २०२५ मध्ये काम लांबणीवर टाकलं आणि ती जाहिरात आपल्या यूट्यूब वाहिनीवरून काढून टाकली. उद्या कुणी विचारलं की नक्की काय कबूल केलं होतं, तर दाखवणार काय?

सरळरेघ

माझंच नाव घेऊन धागा निघालाय, तेव्हा उत्तर देतो.

सिरीचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. जी सुविधा तयार नाही तिची जाहिरात तशीच चालू ठेवली असती, तर 'फसवणूक, फसवणूक' म्हणून तुम्हीच ओरडला असता. काढली तरी ओरड.

आता माझं ऐका. मी शिकवतो. मी तयार केलेली व्याख्यानमाला कुणीतरी जशीच्या तशी उचलून एका व्हिडिओ साइटवर टाकली, कोपऱ्यात स्वतःचं बोधचिन्ह लावलं आणि वर 'ज्ञान सर्वांसाठी' असं लिहिलं. जाहिरातीचे पैसे त्याच्या खिशात. ती उतरवायला मला किती मेल, किती अर्ज करावे लागले ते माझं मला माहीत. त्यात माझी जुनी, चुका असलेली व्याख्यानंही होती, जी मी स्वतःहून मागे घेतली होती. विद्यार्थी अजून ती चुकीची उत्तरं घेऊन येतात. आपण केलेलं काम मागे घेण्याचा अधिकार करणाऱ्याला असायलाच हवा. आज तो मोठ्या कंपनीकडून काढून घ्या, उद्या माझ्याकडूनही जाईल.

कोडकरी

सरळरेघ, तुमच्याबरोबर झालं ते वाईटच. पण तुम्ही एकटे शिक्षक आहात आणि समोर जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक आहे. दोघांना एकच नियम का लावता?

मी अजून कार्बनमधल्या, म्हणजे मॅकवर प्रोग्रॅम लिहायच्या जुन्या चौकटीतल्या, कोडवर काम करतो. हो, अजून. २००६ च्या परिषदेत ६४-बिट कार्बन, म्हणजे जास्त मेमरी वापरू देणारं कार्बन, येणार असं सांगितलं गेलं, आम्ही त्यावर विसंबून राहिलो. २००७ च्या परिषदेत ते मागे घेतलं. फोटोशॉप सीएस४ विंडोजवर ६४-बिट आणि मॅकवर ३२-बिटच का राहिलं, याचं उत्तर त्या दोन वर्षांत आहे. आज नवीन मुलं मला विचारतात, 'तुम्ही वेळेवर कोकोत का नाही लिहिलं?' (कोको ही ॲपलची दुसरी, पुढे टिकलेली चौकट.) त्यांना सांगून पटत नाही. सत्राचा व्हिडिओ लावला की पटतं, कारण कंपनीचाच माणूस मंचावर उभा राहून सांगताना दिसतो.

कंपनीने तांत्रिक दस्तऐवज तर कधीच हलवले. जुन्या दुव्यावर टिचकी मारा, भलतंच पान उघडतं. आम्हाला ती सत्रं गंमत म्हणून नको आहेत. एखादी रचना अशी का केली, हे कागदावर कुणी लिहीत नाही. सत्र संपल्यावर कुणी प्रश्न विचारला आणि अभियंत्याने जरा मोकळेपणाने उत्तर दिलं, तिथे ते कळतं.

वकिली_बाणा

दोन्हीकडे गोंधळ चाललाय म्हणून थोडं बोलतो.

एक, अमेरिकी कायद्यात कंपनीच्या कामाचा कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ किंवा निर्मितीपासून १२० वर्षं, यातलं जे आधी संपेल ते. १९८४ मध्ये प्रकाशित झालेली चित्रफीत २०७९ च्या अखेरपर्यंत कंपनीचीच. तोवर चुंबकीय फीत टिकत नाही. म्हणजे कायदा जेव्हा प्रत काढायला मोकळीक देईल, तेव्हा प्रत काढण्याजोगं काही उरलेलं नसेल. सरळरेघ यांनी यावर बोलावं.

दोन, 'फेअर यूज' (परवानगीशिवाय रास्त, मर्यादित वापराची मुभा) हा शब्द इथे फार सैल फिरतोय. पन्नास मिनिटांचं सत्र जसंच्या तसं चढवलं तर तो बचाव अवघड आहे. बाजारावर परिणाम नाही हा मुद्दा बाजूने जातो, पण चार निकषांपैकी तो एक.

तीन, 'मग प्रतिनोटीस का नाही दिली?' असं विचारणाऱ्यांसाठी. प्रतिनोटीस म्हणजे व्हिडिओ चुकीने उतरवला असं सांगणारं उत्तर. प्रतिनोटीस देताना स्वतःचं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो आणि संघराज्य न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं. त्यानंतर कंपनी १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत दाव्यात उतरली नाही, तर व्हिडिओ परत येतो. उतरली तर घरातला हौशी माणूस एकीकडे आणि त्यांचं विधी खातं दुसरीकडे. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन स्ट्राइक (हक्कभंगाचे ठपके) झाले की वाहिनी बंद होऊ शकते, म्हणजे विचार करायलाही फार वेळ मिळत नाही.

रंगीतपट

फीतवाला यांच्याशी पूर्ण सहमत. माझेही व्हिडिओ गेलेत. ॲपलचे नव्या वस्तूंच्या घोषणांचे जुने मुख्य सोहळे मी एआयने ४के, सेकंदाला ६० फ्रेमला नेले होते, रंग सुधारले होते, टाळ्यांचा आवाज कमी केला होता. महिनोन् महिने संगणक रात्रभर चालू ठेवून केलेलं काम. आम्ही हा वारसा जपतो म्हणून नव्या पिढीला तो बघावासा वाटतो.

मूळप्रत

इथे माझा बांध फुटतो. याला जपणं म्हणत नाहीत!

अवांतर होईल, होऊ द्या. जुना व्हिडिओ इंटरलेस्ड असतो, म्हणजे एक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत, फील्डमध्ये, येतं. एनटीएससी या अमेरिकी दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला ५९.९४ फील्ड, म्हणजे २९.९७ फ्रेम. त्यातली निम्मी फील्ड फेकून द्यायची, मग नसलेल्या फ्रेम यंत्राकडून रचून घ्यायच्या, आणि वर म्हणायचं '६० फ्रेम'. चेहरे मेणाचे होतात. पण चेहऱ्यांचं सोडा, पडद्यावरचा कोड बघा. धूसर अक्षर यंत्राला वाचता येत नाही, म्हणून ते अक्षरासारखं दिसणारं काहीतरी रचतं. मी एका सत्रातला कोड अशा 'सुधारित' प्रतीवरून उतरवून घेत होतो. एकाचा एल, शून्याचा ओ, अर्धविराम गायब. शेवटी मूळ लहानशी फाइल मिळाली तेव्हा कळलं की मूळ धूसर होतं, पण खोटं नव्हतं.

संगणकाचा माउस घडवणाऱ्या एंगलबार्ट यांचं ९ डिसेंबर १९६८ चं प्रात्यक्षिक करड्या, दाणेदार चित्रात बघतोच ना आपण? कुणाचं काय अडलं?

रंगीतपट

तुमच्यासारख्यांमुळेच संग्रह धूळ खात पडतात. १६० गुणिले १२० ठिपक्यांची फाइल विसाव्या वर्षातला कोण बघणार? मी मूळ फाइल नष्ट केलेली नाही. माझ्याकडे आहे.

मूळप्रत

तुमच्याकडे आहे, म्हणजे एका माणसाच्या डिस्कवर आहे. मग तुमच्यात आणि कंपनीत फरक काय? तिनेही नष्ट केलेली नसेल, कपाटात असेल. लोकांना दाखवता ती रंगवलेली प्रत. उद्या ती रंगवलेलीच खरी म्हणून फिरेल. कंपनीने इतिहास पुसला म्हणून रडता आणि स्वतः तोच इतिहास गिरवून बदलता!

रंगीतपट

भाषा जपून वापरा. मी कुणाचा एक पैसा घेतलेला नाही.

मूळप्रत

पैशाचं बोललोच नाही. वर्णनात 'एआयने बदललेलं' एवढं तरी लिहिता का? तेवढंच सांगा.

रंगीतपट

काहींवर लिहिलं होतं. सगळ्यांवर नाही.

कोडकरी

दोघंही थांबा जरा. मूळप्रत यांचा कोडबद्दलचा मुद्दा खरा आहे, मलाही असाच फटका बसलाय. पण स्वरूपाचा प्रश्न याहून मोठा आहे. त्या काळातले व्हिडिओ ॲपलच्या क्विकटाइम स्वरूपात, सोरेन्सन कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत) होते. २०१९ मध्ये मॅकची कॅटालिना ही प्रणाली आली आणि क्विकटाइम ७ गेलं, त्याबरोबर सोरेन्सन ३ सुद्धा. म्हणजे ॲपलच्या आजच्या यंत्रावरचा ॲपलचा प्लेअर ॲपलची जुनी सोरेन्सन फाइल उघडत नाही. ती उघडते एफएफएमपेग या मुक्त प्रोग्रॅमने, कारण बाहेरच्या लोकांनी तो कोडेक उलगडून त्याचा डीकोडर लिहिला. कंपनीने सोडून दिलेलं बाहेरच्यांनी चालतं ठेवलं. उतरवलेल्या व्हिडिओंची गोष्ट वेगळी आहे का?

सरळरेघ

वकिली_बाणा, २०७९ चा मुद्दा. ठीक आहे, मुदत जास्त आहे. मान्य. पण म्हणून आजच कायदा मोडायचा? मुदत कमी करून घ्या.

आणि तुम्ही सगळे एक गोष्ट सोयीने विसरता. ॲपलने १९९७ मध्ये आपला ऐतिहासिक संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठाला दिला. कागदपत्रं, छायाचित्रं, चित्रफिती. इतिहास पुसायचा असता तर असं केलं असतं? अभ्यासकाने तिथे जावं, रीतसर परवानगी घ्यावी, बघावं. तुम्हाला मात्र घरबसल्या, एका टिचकीवर, फुकट हवंय.

शिवाय मोठ्या सोहळ्यांत गाणी वाजतात, पाहुणे कलाकार येतात. त्यांचे हक्क कंपनीकडे कायमचे नसतात. कंपनीने स्वतः ते जुने सोहळे पुन्हा लावायचे म्हटले, तरी परवानग्या नव्याने घ्याव्या लागतील.

फीतवाला

गाण्यांचा मुद्दा मुख्य सोहळ्यांपुरता खरा, तेवढा देतो तुम्हाला. पण मेमरी व्यवस्थापनावरच्या सत्रात कुठलं गाणं वाजतं?

स्टॅनफर्डचंही खरं आहे, आणि त्याबद्दल कंपनीचे आभार. पण तो संग्रह १९९७ मध्ये दिला. उतरवलेल्या व्हिडिओंतले कितीतरी त्यानंतरचे आहेत. आणि 'तिथे जाऊन बघा' हे कुणासाठी शक्य आहे? विद्यापीठाच्या पत्रावर प्रवास करणाऱ्यासाठी. कोडकरीसारखा माणूस बिघाड दुरुस्त करायला बसलाय, तो रजा काढून अभिलेखागारात जाणार?

मूळ धन्याकडे वस्तू सुरक्षित असते, हा तुमचा विश्वास मला नाही. अपोलो ११ च्या चांद्रमोहिमेच्या मूळ चित्राच्या फिती नासाने पुसून पुन्हा वापरल्या असाव्यात, हे २००९ मध्ये नासानेच सांगितलं. आज जे चांगलं चित्र दिसतं ते दूरचित्रवाणीवाल्यांकडे उरलेल्या प्रतींवरून. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याच मालिकांच्या फिती पुसल्या आणि कित्येक भागांचा आवाज तेवढा वाचला, तोही प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रण केलं म्हणून. ते ध्वनिमुद्रणही तेव्हा विनापरवानाच होतं.

ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाचंच घ्या. २४ जानेवारी १९८४ ला क्युपर्टिनोत अनावरण झालं, आणि ३० जानेवारीला बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटीपुढे पुन्हा. या दुसऱ्या कार्यक्रमाची चित्रफीत लोकांना थेट २०१४ मध्ये बघायला मिळाली, तीस वर्षांनी. ती ॲपलने दिली नाही. वापरकर्त्यांच्या संस्थेने चित्रीकरण केलं होतं आणि कुणीतरी ते टाकून दिलं नाही, म्हणून.

वकिली_बाणा

बॉस्टनचं उदाहरण जरा जपून. तिथे चित्रीकरण संस्थेचं होतं, ॲपलचं नव्हे. कायद्याने फरक पडतो.

फीतवाला

पडतो. पण वाचली कशामुळे? कंपनीच्या हाताबाहेर होती म्हणूनच ना? माझा मुद्दा तिथेच आहे.

सरळरेघ

मी हट्टाने बोलतोय असं वाटत असेल, तर शेवटचं सांगतो. वर्षानुवर्षं जी तांत्रिक सत्रं कंपनी विकतही नाही, दाखवतही नाही, ती कुणी दिनांकासह, न बदलता, जाहिरात न लावता ठेवली, तर मी नोटीस पाठवली नसती. एवढं कबूल. पण 'मी पाठवली नसती' आणि 'त्यांना पाठवण्याचा अधिकार नाही' यात अंतर आहे, आणि ते तुम्ही मला ओलांडायला लावू शकत नाही. माझी मागे घेतलेली व्याख्यानं कुणी 'वारसा' म्हणून परत चढवली, तर मी पुन्हा उतरवणार.

फीतवाला

तुमची व्याख्यानं उतरवा, मी स्वतः तक्रारीला मदत करीन. तुम्ही त्यांवर कुणाला धंदा उभा करायला सांगितलं नव्हतं. कंपनीने सांगितलं होतं. म्हणून कंपनीपुढे माझी मागणी कायम: स्वतः लावा, नाहीतर लावणाऱ्याला हात लावू नका.

मूळप्रत

आणि रंगीतपट, मूळ फाइली इंटरनेट आर्काइव्ह या सार्वजनिक संग्रहावर कधी चढवताय? रंग न लावता.

रंगीतपट

चढवतो. पण तुमच्या सांगण्यावरून नाही.