वायरलेस कीबोर्ड "सगळे सारखेच" हे मला मान्य नाही

सुदामानगर_अनुवाद

काल आपल्या इंदूरच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, "वायरलेस कीबोर्डमध्ये निवडायचं काय असतं, सगळे सारखेच, साडेसहाशेचा डोंगलवाला घ्या आणि कामाला लागा. मोबाइलला कीबोर्ड लावणं म्हणजे स्कूटीला ट्रॉली लावणं." (डोंगल म्हणजे यूएसबीत खोचायचा तो छोटा रिसीव्हर.) खाली अंगठ्यांची रांग. रात्री झोपेपर्यंत तेच डोक्यात होतं म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी १९ वर्षं घरून अनुवाद करते. लॅपटॉप, टॅब आणि फोन, तिन्हीवर काम असतं. मागच्या वर्षी सासूबाई ११ दिवस दवाखान्यात होत्या आणि रात्री मीच थांबायचे. लॅपटॉप उघडायला जागाच नव्हती, स्टुलावर औषधं, थर्मास आणि त्यांचा चष्मा. फोन डब्याला टेकवून उभा केला, छोटा ब्लूटूथ कीबोर्ड मांडीवर घेतला आणि ४० पानं कबूल केलेल्या दिवशी पाठवली. डोंगलवाला असता तर आधी ओटीजी, म्हणजे फोनला यूएसबी लावायचा जोड, शोधा, मग तो चार्जिंगची जागा अडवणार, आणि रात्री अडीचला फोन बंद पडला तर घरी कळवायचं कसं? ज्यांना ही ट्रॉली वाटते त्यांनी दोन अंगठ्यांनी ४० पानं टाइप करून दाखवावीत.

माझ्या मते निदान तीन उपकरणांशी जोडता येणारा ब्लूटूथच घ्यावा. वर एक-दोन-तीन अशी बटणं असतात, दाबलं की लॅपटॉपवरून फोनवर. सेल ट्रिपल ए हवेत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. मी लॉजिटेकचा के ३८० वापरते, दीड वर्षात एकदाही सेल बदललेले नाहीत. नंबरपॅड नाही त्यामुळे माऊस जवळ राहतो आणि हात लांब ताणावा लागत नाही, माझा उजवा खांदा तेव्हापासून दुखायचा थांबला.

एफ५_एफ६

ते लिहिणारा मीच. ताई, तुमच्या सासूबाईंबद्दल वाईट वाटलं, पण दवाखान्यातली गोष्ट सांगून सगळ्या इंदूरला ब्लूटूथ घ्यायला लावू नका.

मी २२ वर्षं व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितो, आता टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर. टॅलीत एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. दिवसातून किती वेळा दाबतो याचा हिशोब नाही. मुलीनं वाढदिवसाला तुमच्यासारखाच छोटा ब्लूटूथ आणून दिला (कंपनी दुसरी होती). एफ५ दाबलं की पेमेंटच्या जागी आवाज कमी होतोय, एफ८ ला गाणं लागतंय! दर वेळी एफएनची की धरून ठेवा. नंबरपॅड नाही म्हणजे आकडे वरच्या ओळीतून एकेक वेचा. आणि चहा घेऊन परत आलो की तो झोपलेला, पहिली की दाबली ती गेलीच. एका व्हाउचरमध्ये ४५,००० चे ५,००० झाले, संध्याकाळी बॅलन्स जुळेना, रात्री सव्वाअकरापर्यंत मी आणि तो व्यापारी समोरासमोर बसून. त्याच्याकडे माझी १५ वर्षांची पत आहे, ती एका कीनं घालवायची?

डोंगल लावला की काम सुरू. कॉम्प्युटर चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जायचं असेल तर ब्लूटूथवाला हात वर करतो कारण विंडोज उठलेलंच नसतं. माझ्या साडेसहाशेवाल्यानं ४ वर्षं काढली.

खातीवाला_टँक

दोघं आपापल्या टेबलावरून जग बघताय. माझं रिपेअरिंगचंच काम आहे म्हणून बोलतो.

काका, डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, हवा तीच आहे. डोंगल सीपीयूच्या मागे निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी खोचला आणि तिथेच हार्ड डिस्क लावली तर कीबोर्ड अक्षरं खातो. इंटेलनं २०१२ सालीच यावर पेपर काढला होता, यूएसबी ३ चा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात येतो म्हणून. गिऱ्हाईक म्हणतं कीबोर्ड खराब झाला, मी एक छोटी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर आणतो, काम झालं. आणि स्वस्त डोंगलवाल्यांबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या कंपनीनं दाखवलं की आठ कंपन्यांचे कीबोर्ड टाइप केलेलं उघडंच हवेत सोडतात, एन्क्रिप्शन नाहीच, अडीचशे फुटांवरून कुणीही वाचू शकेल. तुम्ही त्यावर लोकांचे बँकेचे पासवर्ड टाकता काका, म्हणून बोलतो.

ताई, झोपण्याची तक्रार मात्र खरी आहे, सेल दोन-दोन वर्षं चालतात ते तो झोपतो म्हणूनच. आणि रिचार्जेबल सेल घातले तर ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे, त्यामुळे बॅटरी कमी असल्याचा दिवा उगाच लवकर लागतो, लोक घाबरून माझ्याकडे येतात. आतच बॅटरी असलेले घेऊ नका असं माझं मत आहे, दोन-तीन वर्षांनी ती बसली की बहुतेकांत कव्हर चिकटवलेलं असतं, उघडताना तुटतं.

डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही असलेले येतात, नंबरपॅडसकट. एफएन न धरता एफ५-एफ६ चालावेत म्हणून एफएन लॉकही बऱ्याच जणांत असतो, एफएन आणि एस्केप एकदम दाबून बघा. ऑनलाइन फोटो बघून मागवू नका, जेल रोडच्या दुकानांत जा, दहा मिनिटं टाइप करा, मग पैसे द्या.

शिफ्ट_एन

इतकं सगळं झालं आणि मराठी कशी लिहायची हे एकानंही विचारलं नाही? मराठी माणसं कीबोर्डवर भांडतायत आणि भांडण कशाचं तर सेलचं!

ताई, ती ४० पानं मराठीत होती का? माझा अंदाज आहे नव्हती. कारण माझ्या फोनवर रोमनमधून मराठी होतं ते फक्त पडद्यावरच्या कीबोर्डवर. बाहेरचा जोडला की ती सोय गायब, नुसतं इंग्रजी उमटतं. दोन हजार घालून घरी आणला, पहिलं वाक्य आईला लिहायला गेलो आणि ते मराठीत जाईना. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "हिंदी का स्टिकर लगा लो." अरे, स्टिकरनं अक्षर बदलतं का?

सुदामानगर_अनुवाद

नव्हती. मराठीतून इंग्रजी करत होते. मराठी असती तर माझ्या फोनवर जमलं नसतं, हे मान्य करते. मराठी मी लॅपटॉपवरच लिहिते, इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या आराखड्यात.

शिफ्ट_एन

बघा! म्हणजे ताईंना इनस्क्रिप्ट येतं आणि तेच त्यांनी सांगितलं नाही. विंडोजमध्ये मराठी फुकट असते, भाषा जोडली की झालं. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात, आयएस १३१९४ मध्ये, हाच आराखडा आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क आणि ख एकाच कीवर, त आणि थ एकाच कीवर. डी वर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण. शिफ्ट एन दाबलं की ळ, शिफ्ट जे दाबलं की दुसऱ्याचा आणि ऱ्हासाचा तो र. आपल्या ळ साठी आणि त्या र साठी जागा राखून ठेवलीय आणि आपण तिथं बोटच नेत नाही.

विजयनगर_नाइटशिफ्ट

भिया, कोणत्या जमान्यात राहून राहिला आहात? मी २६ चा आहे, दिवसभर कोड लिहितो, आता नवीन कीबोर्ड शिकू? लॅपटॉपवर रोमनमध्ये aai ही तीन अक्षरं दाबली की आई होतं. फोनवर बोललं की टाइप होतं. मराठी घरी बोलतो ना, मग लिहायला कुठून का येईना. इथे प्रश्न कीबोर्ड कोणता घ्यायचा हा होता.

शिफ्ट_एन

aai लिहिलंस तेही रोमनमध्ये, तेवढीही आई देवनागरीत आली नाही तुझ्या हातून.

तुझ्या फोनवर भाषा हिंदी लावलेली असणार, पैज लावतो, इंदुरात बहुतेक जणांची तीच असते. बाळ लिहायला जा, बाल सुचवतो. कमळचं कमल, कळचं कल. माझ्या भाच्यानं साखरपुड्याच्या पत्रिकेचा मजकूर फोनवर केला, त्यात "बाल-गोपालांसह" छापून आलं, ३०० पत्रिका! आणि होळकर? ज्या गावात अहिल्याबाईंच्या नावाचा विमानतळ आहे तिथं मराठी घरातली मुलं होलकर लिहितात, कारण पाटीवर होलकर आणि फोनवरही होलकर. माझे वडील गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर संस्थेची पत्रं टाइप करायचे, एका पत्रात ळ चुकला तर कागद काढून नवीन घालायचे. आमच्याकडे कागदाची टंचाई होती तरी.

एफ५_एफ६

पाट्या हिंदीत आहेत साहेब, हिंदीत होलकरच लिहितात, त्यात कीबोर्डचा काय दोष? आणि आपण मध्य प्रदेशात राहतो. चार पिढ्या झाल्या आमच्या इथं येऊन, मला होलकर वाचून काही होत नाही.

शिफ्ट_एन

होत नाही हेच दुःख आहे! पाटी हिंदीत असू दे, मी कुठे पाटी बदला म्हणतोय? मी घरातल्या मराठीबद्दल बोलतोय. तुम्हाला एका आकड्याचा फरक पडला तर रात्री सव्वाअकरापर्यंत बसता, आणि अख्खं अक्षर गेलं तर काही होत नाही?

एफ५_एफ६

माझ्या कामावर घसरू नका.

सुदामानगर_अनुवाद

दोघांनीही आवाज खाली घ्या. मी हा धागा ळ साठी काढला नव्हता, पण आता निघालाच आहे तर सांगते. इनस्क्रिप्ट मला हौस म्हणून नाही आलं. रोमनमधून लिहिताना प्रत्येक शब्दाला सुचवलेल्या यादीकडे डोळा जायचा, वाक्य तुटायचं. तीन आठवडे रोज अर्धा तास दिला, पहिल्या आठवड्यात रडू यायचं बाकी होतं, नंतर डोळे पडद्यावरच राहिले. आपल्या इथं गल्लोगल्ली सीपीसीटीचे, म्हणजे राज्याच्या कॉम्प्युटर आणि टायपिंगच्या परीक्षेचे, क्लास आहेत, सरकारी नोकरीसाठी मुलं हिंदी टायपिंग शिकतातच, रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरचा आराखडा) किंवा इनस्क्रिप्ट. इनस्क्रिप्ट घेतलं की मराठी त्यातच आली, शिकायला राहतं ते ळ आणि तो र. २६ म्हणजे काही म्हातारपण नाही.

विजयनगर_नाइटशिफ्ट

ओके ताई, तीन आठवडे हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं सहा महिने जातात. आणि भाषा चेक केली, हिंदीच होती. आजीच्या गावाचं नाव पिंपळगाव आहे, मी इतकी वर्षं पिंपलगाव पाठवून राहिलो होतो आणि आजी कधी बोलली नाही. बदलली.

पण माझ्या फोनवर बाहेरच्या कीबोर्डनं मराठी होत नाही तोपर्यंत मी दोन हजार घालणार नाही, हे पक्कं.

शिफ्ट_एन

ते तुझं बरोबर आहे. माझेही गेलेच.

एफ५_एफ६

एफएन आणि एस्केप मुलीच्या कीबोर्डवर दाबून बघितलं, एफ५ ला पेमेंट उघडलं. हे डब्यावर का लिहीत नाहीत? झोपायचं मात्र तो सोडत नाही आणि नंबरपॅड काही उगवणार नाही, त्यामुळे टॅलीला डोंगलच राहील. तो ब्लूटूथवाला मुलगी टॅबला लावेल. ट्रॉलीचं मी जरा जोरात बोललो, ताई.

खातीवाला, ते पासवर्डचं ऐकल्यापासून चैन नाही. दोन्ही असलेला, नंबरपॅडवाला, एन्क्रिप्शन असलेला, बाहेरून सेल बदलता येणारा असा एक बघून ठेवा. २० तारखेला जीएसटीची थ्री-बी रिटर्न भरली की मी जेल रोडला येतो, तोपर्यंत मान वर करायला फुरसत नाही.

शिफ्ट_एन

येताना त्यावर शिफ्ट एन नीट दबते का तेवढं बघा काका.

एफ५_एफ६

बघतो. तुमच्यासाठी नाही, वडिलांनी ज्या अक्षरासाठी कागद बदलले त्यांच्यासाठी.