प्रत्येक कॅप्टनची एसओपी (ठरवून दिलेली कार्यपद्धती) वेगळी का?

उजवी_सीट: कंपनी एक, विमान एक, मॅन्युअल एक. तरी शेजारी कोण आहे ते बघून फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहपायलटने, रोज कॉलआउट (मोठ्याने म्हणायचे ठरलेले शब्द) बदलायचे? एकाला एफएमएवरचा, म्हणजे ऑटोपायलटचा मोड दाखवणाऱ्या पट्टीवरचा, प्रत्येक बदल मोठ्याने हवा. दुसरा म्हणतो, "मलाही दिसतंय, बडबड नको." मग ती एसओपी कसली?

जुना_गडी: सगळं एकाच मापात बसत नाही हो. उतरणं कधी सुरू करायचं, ऑटोपायलट कधी काढायचा, ही हातोटी. ती प्रत्येकाची वेगळीच असणार, आणि असावी. पुस्तकाबाहेरचा प्रसंग आला की तीच कामाला येते.

उजवी_सीट: हातोटीला कोण नाही म्हणतंय? मी कॉलआउटबद्दल बोलतोय. कोझिकोडचा विमान अपघात, 7 ऑगस्ट 2020. पाऊस, मागून वारा, 8,858 फुटांची धावपट्टी आणि चाकं टेकली 4,438 फुटांवर. अॅप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, स्थिर नव्हता, तरी पुढे रेटला. 21 माणसं गेली, त्यात दोन्ही पायलट. तपास अहवालात संभाव्य कारण म्हणून काय लिहिलंय? एसओपी न पाळणं.

जुना_गडी: अर्धाच अहवाल सांगताय. फर्स्ट ऑफिसरने "गो अराउंड" (न उतरता परत वर चला) म्हटलं होतं. कॅप्टनने ऐकलं नाही तर कंट्रोल हातात घ्यायचा, हेही एसओपीतच आहे. तो घेतला गेला नाही. म्हणजे कॉलआउट झाला, तरी विमान वाचलं नाही. कॅप्टनच्या हातातून कंट्रोल काढून घ्यायला जी छाती लागते, ती पुस्तक वाचून येते का?

तिसरी_कंपनी: माझी ही तिसरी एअरलाइन, त्यामुळे दोघांचंही थोडं पटतं. जेट एअरवेज 2019 मध्ये बंद पडली, विस्तारा 2024 मध्ये एअर इंडियात गेली. माणसं हलली, सवयी बरोबर आल्या. नवी एसओपी सिम्युलेटरमध्ये झकास जमते. रात्रीच्या चौथ्या सेक्टरला (उड्डाणाला) तोंडातून जुनाच कॉल निघतो. कॅप्टनलोकांच्या लहरींपेक्षा मला याची जास्त धास्ती वाटते.

उजवी_सीट: @जुना_गडी, छाती येणार कुठून? दहा फ्लाइट "बडबड नको" ऐकलेला पोरगा अकराव्या फ्लाइटला कंट्रोल हिसकावून घेईल?

जुना_गडी: माझ्या शेजारचा "अनस्टेबल" (अॅप्रोच स्थिर नाही) म्हणाला की मी न उतरता वर जातो. का म्हणालास, ते नंतर विचारतो.

उजवी_सीट: हे उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये सांगता?

जुना_गडी: त्यात काय सांगायचं? ठरलेलंच आहे.

उजवी_सीट: तुमच्याकडून ठरलेलं आहे. तुमच्याबरोबर पहिल्यांदाच उडणाऱ्याला ते कसं कळणार?