सांगलीहून चौघं पणजीला पोकर खेळायला निघालोय, पहिलीच वेळ, प्लॅन बघून सांगा

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र, तिघं सांगलीतले आणि एक तासगावचा. चौघंही तीन-चार वर्ष मोबाईलवर पोकर खेळत होतो, छोट्या टेबलवर, पण नियमित. ऑगस्ट २०२५ ला केंद्राचा कायदा आला आणि पैशाचे ऑनलाईन गेम बंद झाले, त्यानंतर सगळंच थांबलं. आता तासगावच्या मित्राचा बेदाणा चांगल्या दराने गेलाय आणि तो म्हणतोय गोव्याला जाऊ, खऱ्या टेबलवर खेळू. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री काढायच्या असं ठरतंय.

प्रत्येकी ४०,००० धरलेत, सगळं धरून. गाडी माझी आहे, पण आंबोली घाटातून पावसात न्यावी का रेल्वेनं जावं कळत नाही. राहायचं कळंगुटला का पणजीत? कॅसिनोचं पॅकेज घेतल्यावर पोकर त्यातच येतं का वेगळं? आमच्यातला एकजण म्हणतोय की गोव्याला कशाला, पलूसला त्याच्या पाहुण्याचं फार्महाऊस आहे तिथंच बसू. लाईव्ह टेबलवर चौघांपैकी कुणीच बसलेलं नाही, त्यामुळं जे ठाऊक असेल ते सांगा.

मिरज_जंक्शन:
भावा पहिलं फार्महाऊसचं डोक्यातून काढा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, पैसे लावून पत्त्यांचा अड्डा बसला की पोलीस धाड टाकतात, पोकर कौशल्याचा का नशिबाचा हा वाद नंतर कोर्टात घालत बसायचा, तोवर पेपरात नाव आलेलं असतं. आपल्याकडं १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केलेला पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ ला रद्दच केला. गोव्यात मात्र रीतसर आहे, तिथं जमिनीवरच्या हॉटेलात मशीन चालतात आणि माणूस पत्ते वाटतोय असं टेबल मांडवीतल्या बोटीवर. तुम्हाला बोटीवरच जायचंय.

राहायचं पणजीत. कळंगुटला राहिलात तर रात्री तीनला टॅक्सी शोधत फिराल आणि गोव्यातली टॅक्सी खिसा कापते. मळा, फोन्तान्हास, पाटो या भागात साधी लॉज मिळतात, तिथनं जेट्टी जवळ, जाताना छोटी फेरीबोट कॅसिनोचीच असते. जुलैत वारा-पाऊस जोराचा असला की ही बोट कधीकधी थांबवतात, त्यामुळं परतायला उशीर होऊ शकतो हे धरून चला. २०१७ च्या जुलैत तर एक अख्खं कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत रुतलेलं, पावसाळ्यातली नदी हलक्यात घेऊ नका.

ओळखपत्र ओरिजिनल घ्या, मोबाईलमधला फोटो दाखवून भागत नाही. वय २१ पूर्ण लागतं, चौघांचं असेलच. हाफ चड्डी आणि चप्पल नको, गोवा म्हणून लोक तसेच येतात आणि दारातनं परत जातात.

आता पॅकेज. एंट्रीच्या पैशात जेवण, पेय आणि पैशाऐवजी खेळायच्या काही चिप्स देतात, त्या चिप्सना ओटीपी म्हणतात म्हणजे एकदाच खेळायच्या, त्या कॅश करता येत नाहीत, जिंकलात तर जिंकलेले खरे चिप्स मिळतात आणि ती चिप गेली. या चिप्स बहुतेक करून पोकर टेबलवर चालत नाहीत. म्हणून पोकरच खेळायचं असेल तर आधी फोन करून पोकर रूमला विचारा, एंट्री वेगळी आहे का, ब्लाइंड (पानं बघायच्या आधी दोघांनी लावायची सक्तीची बेट, एक लहान एक मोठी) काय चालू आहेत, कमीत कमी बाय-इन (टेबलवर बसताना घ्यायच्या चिप्स) किती, कुठल्या दिवशी टेबल भरतं. सोमवारी-मंगळवारी गेलात तर पॅकेज स्वस्त पण टेबल सुरू व्हायला माणसंच नसतात असं माझं दोनदा झालंय, जेवून हात हलवत परत. गुरुवारी जाऊन शनिवारी सकाळी निघा, मला तरी तेच बरं पडलंय.

कराडचा_गडी:
वरचं सगळं बरोबर. मी खेळाबद्दल लिहितो कारण मोबाईलवरनं टेबलवर आलं की पहिले दोन तास काहीच जुळत नाही, माझं तसंच झालेलं.

मोबाईलवर एका टेबलला तासाला साठ-सत्तर हात, म्हणजे डाव, होतात, लाईव्हला पंचवीस-तीस. एवढा फरक म्हणजे कंटाळा येतो आणि कंटाळ्यानं माणूस नको त्या पानावर आत जातो. साधा हिशोब बघा, दोन एक्के हातात यायचं प्रमाण २२१ हातात एकदा, म्हणजे लाईव्हला साधारण आठ तास बसलं तर एकदा. आठ तास! तोवर फोल्ड, फोल्ड, फोल्ड, म्हणजे पानं टाकून द्यायची. ज्याला हे जमत नाही त्यानं टेबलवर बसू नये असं माझं स्पष्ट मत. आणि एक्के आले तरी समोर राजांची जोडी असेल तर ऑल-इनमध्ये, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्यावर, पाचात एकदा तुम्ही हरणारच, ते घडलं की मित्रानं मित्राला तिथनं उठवून बाहेर डेकवर न्यायचं, हे आत्ताच ठरवून घ्या.

टेबलचे रिवाज सांगतो. आपला नंबर आल्याशिवाय फोल्डसुद्धा करायचं नाही. तोंडातनं रेझ (बेट वाढवतो) शब्द गेला की तो बांधलेला, मग मागं घेता येत नाही. चिप्स एकदम पुढं सारायच्या, आधी थोड्या ठेवून मग वरनं आणखी टाकल्या तर डीलर फक्त कॉल, म्हणजे समोरच्याइतकीच बेट, धरतो. मोठी एकच चिप न बोलता टाकली तरी कॉलच. आपल्या पानांवर एक चिप ठेवून द्यायची, नाहीतर डीलर चुकून गोळा करून घेतो आणि मग काही चालत नाही. हात चालू असताना फोनवर बोलू नका, आणि मराठीत आपापसात पानांबद्दल तर अजिबात बोलू नका, चौघं एकत्र आलाय म्हटल्यावर टेबलवरची माणसं लगेच संशय घेतात आणि त्यांचं काही चुकत नाही. खरं तर चौघांनी एका टेबलवर बसूच नका, दोन टेबल चालू असली तर दोन-दोन वाटून घ्या.

आणि रेक विचारा. पोकरमध्ये कॅसिनो तुमच्याविरुद्ध खेळत नाही, प्रत्येक पॉटमधनं, म्हणजे डावात जमलेल्या पैशातनं, टक्का काढतो, तो किती आणि जास्तीत जास्त किती यावर लहान टेबल परवडतं का नाही ते ठरतं. लहान पॉटमधनं मोठा टक्का गेला तर चांगला खेळणारा पण महिन्याअखेर मायनसमध्ये.

४०,००० बद्दल: ब्लाइंड १००-२०० असतील तर शंभर बिग ब्लाइंड (मोठी ब्लाइंड, इथं २००) म्हणजे २०,०००. राहणं, खाणं, डिझेल वजा केलं तर तुमच्याकडं जेमतेम एक बाय-इन आणि थोडं वर. त्यामुळं यापेक्षा खालचं टेबल मिळालं तर तेच धरा. एका बाय-इनवर बसलेला माणूस घाबरून खेळतो आणि घाबरलेला माणूस चेहऱ्यावरनं कळतो.

कृष्णाकाठची:
मी पोकर खेळत नाही, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझे मिस्टर तीन वर्षांपूर्वी असेच मित्रांबरोबर गेले होते, पोकरच खेळायचं म्हणून. पोकरमध्ये चार-पाच हजार हरले, ते काही नाही. पण टेबलला वेटिंग होतं म्हणून वेळ घालवायला रुलेटवर बसले आणि तिथं पहाटेपर्यंत १,८०,००० गेले, कार्ड घासून. आमच्या घराच्या स्लॅबचे पैसे होते. मला आठ महिन्यांनी कळलं, तेही बँकेचा मेसेज बघून.

दादा, माझं एवढंच सांगणं आहे, डेबिट आणि क्रेडिट कार्ड घरी बायकोकडं किंवा आईकडं ठेवून जा. यूपीआयची रोजची लिमिट निघायच्या आधी कमी करून घ्या, ॲपमध्ये दोन मिनिटाचं काम आहे. जेवढं खेळायचं तेवढंच रोख, आणि ते पण दोन पाकिटात, एका रात्रीचं एक. आणि मित्रांपैकी कुणी म्हणाला मला उसने दे, तर द्यायचे नाहीत, असं गाडीत बसायच्या आधी चौघांनी एकमेकांना सांगा. घरी खरं सांगून जा. आम्हाला राग हरण्याचा नसतो, लपवण्याचा असतो.

मिस्टर आता बरे आहेत. आम्ही १४४१६ वर फोन केला होता, टेलिमानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात. कुणाला गरज लागली तर नंबर लिहून ठेवा.

कराडचा_गडी:
ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. वेटिंगमध्ये काय करायचं हे मी लिहायलाच विसरलो आणि खरा धोका तिथंच आहे.

रुलेटचा हिशोब सगळ्यांनी एकदा बघा. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं, पैसे मात्र ३५ पट देतात, म्हणजे कॅसिनोला २.७ टक्के. दोन शून्य असली तर ५.२६. टक्का लहान दिसतो पण ५०० ची बेट तासाला चाळीस वेळा लावली तर २०,००० फिरतात, म्हणजे सरासरी तासाला ५४० गेले, दोन शून्यावर हजाराच्या वर. हे ५०० च्या बेटचं. हरलेले काढायला बेट ५,००० केली की तासाला ५,४०० आणि मधले झोके तर त्याच्या कितीतरी पट. बॅकारा या पत्त्यांच्या खेळात बँकरच्या बाजूवर कॅसिनोला १.०६ टक्के पण टायवर, म्हणजे बरोबरीवर, १४ टक्क्यांच्या वर, टाय कधीच लावू नका. अंदर बाहरमध्ये पहिलं पान ज्या बाजूला पडतं ती बाजू साधारण ५१.५ टक्के वेळा जिंकते, म्हणून तिथं पैसे कमी देतात. यातल्या कुठल्याही टेबलवर तुमचं डोकं चालत नाही. वेटिंग असलं तर नाव लिहून जेवायला जा, डेकवर जा, नदी बघा.

पेय पॅकेजमध्ये असतं म्हणून घ्यायलाच पाहिजे असं नाही. खेळून झाल्यावर घ्या.

हिशोबनीस_सातारा:
टॅक्सचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, हेच काम करतो मी. पत्त्यांच्या खेळातली जिंकलेली रक्कम ३० टक्क्यांनी करपात्र, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. तुमचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी यावर सूट नाही. एका रात्री ५०,००० जिंकलात आणि दुसऱ्या रात्री ५०,००० हरलात तर वजावट मिळत नाही, जिंकलेल्यावर कर आहेच. गोव्याला जायचा-राहायचा खर्चही वजा होत नाही. एका व्यवहारात १०,००० च्या वर जिंकलं तर टीडीएसचा नियम आहे, त्यामुळं पॅन कार्ड बरोबर ठेवा आणि टूर्नामेंटमध्ये बक्षीस लागलं तर कागद मागून घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून तासगावच्या मित्राला हेही चालून जाईल असं वाटेल, पण तसं नाही, हे रिटर्नमध्ये वेगळं दाखवावं लागतं.

दुसरं जीएसटी. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. काउंटरला पैसे देण्याआधी विचारा की १०,००० दिले तर हातात किती किमतीच्या चिप्स येणार. हा एक प्रश्न विचारल्याशिवाय नोटा पुढं करू नका, कारण तुमच्या ४०,००० चं खरं गणित तिथनंच सुरू होतं.

विश्रामबागकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचे विशेष. काल रात्री चौघं बसलो आणि हा धागा मोठ्यानं वाचला, स्लॅबचं वाचल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. ठरलंय असं: गुरुवारी निघायचं, पणजीत राहायचं, कार्डं घरी, यूपीआय लिमिट खाली. प्रत्येकी खेळायला १५,००० रोख, साडेसात-साडेसातची दोन पाकिटं, त्यात जे टेबल मिळेल ते, नाही मिळालं तर नाही खेळायचं. उसने बंद. फार्महाऊस पण बंद. पोकर रूमला फोन करून ब्लाइंड, रेक, बाय-इन आणि जीएसटी चारही विचारणार. मी बायकोला सांगितलं, ती म्हणाली जा, पण शनिवारी दुपारच्या जेवणाला घरी.

गाडीचं मात्र अजून ठरेना.

मिरज_जंक्शन:
गाडी का रेल्वे, दोन्ही सांगतो. रेल्वे म्हणशील तर गोवा एक्सप्रेस सातारा, सांगली, मिरज करत बेळगाव-लोंढ्यावरनं मडगावला जाते, रात्री बसलं की पहाटे तिथं, मडगावहून पणजीला कदंबाची बस, तास-सव्वा तास. येताना ती दुपारी वास्कोहून सुटते, पावसाळ्यात दूधसागर उजेडात दिसतो, त्यासाठी तरी एकदा करावी. पण मग शनिवारी सांगलीत उतरायला रात्र होते, वहिनींचं दुपारचं जेवण चुकतं. तर गाडीच घ्या.

जाताना कोल्हापूर, संकेश्वर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. आंबोलीत जुलैत धुकं असं असतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, म्हणून घाट उजेडात उतरायचा, सांगलीतनं सकाळी सहाला निघालात तर आरामात होतं. परतीला शुक्रवारी रात्री दोनच्या पुढं टेबलवर बसू नका, झोप काढून सकाळी सातला निघा, रात्रभर जागून घाट चढवायचा नाही, हे पैशापेक्षा महत्त्वाचं. निघायच्या आदल्या दिवशी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी आणि पंचगंगा दोन्ही बघा. आयर्विनला ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, आणि पंचगंगेचं पाणी चढलं की शिरोलीजवळ हायवेच बंद होतो, २०१९ ला आणि २०२१ ला झालाय. पाणी चढतंय असं दिसलं तर ट्रिप पुढं ढकला, बोट कुठं जात नाही.

आणि येताना डिकीत बाटल्या नकोत. गोव्याची दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, इन्सुलीला तपासणी नाका आहे आणि आंबोलीकडच्या रस्त्यावर पण गाड्या थांबवतात, एका बाटलीपायी गाडी अडकवून बसाल. काजू घ्या, बेबिंका घ्या. पोकर रूमला फोन केलास की ब्लाइंड किती सांगतात ते इथं लिही, मी पण ऑगस्टमध्ये जायचं म्हणतोय.