ट्रेलरचा पहिलाच हिवाळा: गुलाबी अँटिफ्रीझ कुठे आणि कसं घालायचं?

गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे सगळ्यांची पत्रं फक्त वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. उन्हाळ्यात आम्ही गाडीमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला एक वापरलेला ट्रेलर घेतला. आत ओट्याचं सिंक, छोटं न्हाणीघर, टॉयलेट आणि बाहेरच्या अंगाला एका झाकणामागे शॉवर. चार-पाच सहली झाल्या, मुलांना तर त्यातून उतरायचंच नसतं. आता मंगळवारी रात्री पारा उणे ६ अंशांवर जाणार असा अंदाज आहे आणि आमच्याकडे माहितीपुस्तिका नाही.

पाइपांत पाणी गोठून ते फुटू नयेत म्हणून घालतात त्या गुलाबी अँटिफ्रीझचे चार-चार लिटरचे दोन कॅन आणलेत. त्यावर उणे ४६ अंशांपर्यंत संरक्षण असं लिहिलंय. माझा बेत असा होता: कॅन पाण्याच्या टाकीत ओतायचे, पंप चालू करायचा, नळ सोडायचे. एवढं पुरेल का? वॉटर हीटर २३ लिटरचा आहे, तोही अँटिफ्रीझने भरायचा का? मग दोन कॅन कुठे पुरणार? शिवाय कुणीतरी सुचवलं की गाडीचं उरलेलं हिरवं कूलंट आहे ते वापरा, सगळं सारखंच असतं. मला ते पटलं नाही, म्हणून विचारते.

— एक नवी सभासद


शुक्रवार, सकाळी ६:५५

ताई, बरं झालं वेळेत विचारलंत.

सगळ्यात आधी ते हिरवं कूलंट. ते बाजूला ठेवा, या नळांत त्याचा थेंबसुद्धा जाता कामा नये. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड आणि विषारी. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. याच नळांतून उद्या तुमची मुलं पाणी पिणार. पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी गुलाबी अँटिफ्रीझच हवं, आणि त्यातही लेबलवर प्रॉपिलीन ग्लायकॉल लिहिलंय का बघा. काही गुलाबी कॅनमध्ये इथेनॉल असतं. ते पेट घेऊ शकतं आणि रबरी वॉशर कोरडे पाडतं. मी ते घेत नाही.

आता उणे ४६ चं. त्या तापमानापर्यंत ते पातळ राहतं असा त्याचा अर्थ नाही. त्याच्या बरंच आधी त्याचा भुगा होतो, ओल्या बर्फासारखा. पण तो मऊ असतो, पाइप फोडत नाही. आकडा पाइप न फुटण्याचा आहे, आणि तोही निर्भेळ अँटिफ्रीझचा. निम्मं पाणी मिसळलं की त्या आकड्यावर विसंबू नका. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की खरं काम पाणी काढण्याचं आहे. अँटिफ्रीझ फक्त उरल्यासुरल्या पाण्याची जागा घेतं.

टाकीत ओतलं तर काय होतं? टाकीच्या तळाशी पंपाला न खेचता येणारं पाणी उरतंच. तुमचा अर्धा कॅन त्यातच विरघळेल, आणि वसंतात टाकी धुता धुता दमाल. त्यापेक्षा पंपाच्या तोंडाशी तीन वाटांचा व्हॉल्व्ह आणि एक पारदर्शक नळी आहे का पाहा. बहुतेक ट्रेलरांत असते, पलंगाखाली किंवा ओट्याखाली लपलेली. ती नळी थेट कॅनमध्ये सोडायची आणि व्हॉल्व्हची मूठ तिच्याकडे फिरवायची.

पण त्याआधी रिकामं करणं. ग्रे टँक (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी) आणि ब्लॅक टँक (टॉयलेटची टाकी) डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी, रिकामे करून धुऊन घ्या. पिण्याच्या पाण्याची टाकी सोडून द्या. ट्रेलरच्या पोटाखाली दोन छोटी बुचं किंवा तोट्या दिसतील, एक गरम पाण्याच्या पाइपची, एक थंडची. तीच सगळ्यात खालची जागा. त्या उघडा आणि आतले सगळे नळही उघडे ठेवा, नाहीतर हवा आत शिरत नाही आणि पाणी पाइपात लटकून राहतं. पाण्याचा फिल्टर असेल तर आतली कार्ट्रिज काढून टाका, अँटिफ्रीझने ती वाया जाते. पंपाच्या आधी एक छोटी गाळणी असते, तीही उघडून साफ करा.

हीटर अँटिफ्रीझने भरायचा नाही. वीज आणि गॅस दोन्ही बंद करा आणि रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवा, मगच बाहेरून खालचं बूच काढा. गरम, दाबाखालच्या हीटरचं बूच काढताना माणसं भाजतात, इथे घाई नको. टाकी पोलादी असेल तर बुचालाच लांब सळी येईल, तो अॅनोड. टाकीऐवजी स्वतः गंजायचं हे त्याचं काम. माझ्या हीटरमधून निघालेला गेल्या वर्षीचा अॅनोड अजून कपाटात आहे. अंगठ्याएवढी जाड सळी होती, आता मध्ये नुसती तार आणि तिला चिकटलेले पांढरे खडबडीत गोळे. तीन चतुर्थांश झिजला की बदलायचा. अॅल्युमिनियमच्या टाकीला बहुधा नुसतं प्लास्टिकचं बूच असतं.

हीटर रिकामा झाला की त्याच्या मागे बायपासचे व्हॉल्व्ह शोधा. तीन असतील तर थंड आत जाणारा बंद, गरम बाहेर येणारा बंद, मधला उघडा. मग अँटिफ्रीझ टाकीला वळसा घालून पुढे जातं आणि तुमचे दोन कॅन जवळजवळ पुरतात. तिसरा मात्र हाताशी ठेवा.

आता पोटाखालची बुचं लावा, सगळे नळ बंद करा आणि पंप चालू करा. एकेक नळ घ्यायचा. आधी गरम बाजू, गुलाबी आलं की बंद, मग थंड बाजू. नळ आधी खोकतो, हवा आणि पाणी फेकतो, मग फिकट गुलाबी येतं. तिथे थांबू नका. फिकट म्हणजे अजून पाणी मिसळलेलं आहे. कॅनमध्ये दिसतो तसा गडद रंग यायला हवा. ओटा, बेसिन, शॉवर, हातातला शॉवर, टॉयलेटचं फ्लश, आणि बाहेरचा शॉवर.

या शेवटच्यावर मी जरा थांबतो. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात बाकी सगळं नीट केलं आणि बाहेरचा शॉवर विसरलो. झाकण लावलेलं, डोळ्यांसमोर नाही. वसंतात पाणी जोडलं, आत सगळे नळ उत्तम चालले. दोन दिवसांनी बाकाखालची फळी हाताला ओली लागली. झाकण उघडून पाहिलं तर शॉवरच्या नळाच्या प्लास्टिकच्या अंगाला केसाएवढी चीर होती, आणि तिच्यावर पाण्याचा मणी फुगत होता, गळून पडत होता, पुन्हा फुगत होता. भिंतीतलं इन्सुलेशन भिजून गेलं होतं. भिंतीचा तो भाग उघडून पुन्हा बांधावा लागला. आत राहिलेलं पाणी वाटीभरसुद्धा नसेल.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकलो. पण पाइप बर्फ जिथे धरतो तिथेच फुटतो असं नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतो. दाब तिथे साठतो. पेक्सचा, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा, पाइप थोडा ताणून घेतो, तुटतात ते सांधे, नळाचे आतले भाग, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, पंपाचं तोंड. म्हणून कागदावर नकाशा काढा. पाणी ट्रेलरमध्ये कुठून शिरतं, कुठे फाटा फुटतो, कुठे संपतं. प्रत्येक टोकाला गुलाबी दिसलं की खूण करा.

शेवटी पंप बंद करून नळ किंचित उघडा, बराचसा दाब जाऊ द्या. मग जिथे बाहेरची पाण्याची नळी जोडता तिथली जाळी काढून आतला छोटा व्हॉल्व्ह बोथट काडीने हलकेच दाबा. तिथूनही गुलाबी पिचकारी यायला हवी, तोंड बाजूला ठेवा. प्रत्येक सिंकच्या आणि शॉवरच्या मोरीत कपभर अँटिफ्रीझ ओता, खालच्या वाकड्या पाइपात नेहमी पाणी असतं. टॉयलेटमध्येही थोडं.

— काका


शुक्रवार, दुपारी १२:२०

काकांचं सगळं बरोबर, पण मी आठ वर्षं नुसत्या हवेने करतो. कॉम्प्रेसर जोडायचा, पाणी उडवून द्यायचं. वसंतात नळांना चव नाही, फेस नाही. नव्या माणसाला ते सोपं पडेल असं मला वाटतं. हीटर रिकामा करून बायपास करणं यातही लागतंच. एकच सांगतो, दाब ३० ते ४० पीएसआयच्या (कॉम्प्रेसरच्या मीटरवर दिसणारं दाबाचं माप) वर नेऊ नका, आणि हवा सोडण्याआधी एक नळ उघडा असू द्या.

— कॉम्प्रेसरवाला


शुक्रवार, रात्री ८:०५

भाऊ, तुमची पद्धत चांगली आहे आणि तुमचा हात बसलेला आहे. पण पहिल्या वर्षी मी हवेवर भरवसा ठेवायला सांगणार नाही. हवा पाण्याच्या वरून निघून जाते, सखल जागी थोडं उरतंच. पंपाच्या पोटात उरतं, मोरीच्या वाकात उरतं, तिथे अँटिफ्रीझ घालावंच लागतं. आणि हवेत खूण नसते. पाणी गेलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, गुलाबी रंग मात्र समोर दिसतो. ताई, कॉम्प्रेसर असेल तर आधी हवेने पाणी काढा आणि मग अँटिफ्रीझ घाला. मीही आता तेच करतो.

— काका


रविवार, दुपारी १:१५

काका, अडलंय. हीटर काल बंद केला, आज सकाळी रिकामा केला. तो अॅनोड अगदी तुम्ही लिहिलात तसा निघाला, खाली पांढरा चुरा पडला. बायपास सापडला, तीन व्हॉल्व्ह. पंपाची नळीही सापडली, पलंगाखाली. पण पंप नुसता घरघर करतोय आणि कॅनमधली पातळी हलत नाही. पाच मिनिटांनी बंद केला. जळला तर नाही ना?

— नवी सभासद


रविवार, दुपारी १:४०

नाही जळला, पण कोरडा फार वेळ चालवू नका. पंप कुठून तरी हवा खातोय. आधी तीन वाटांच्या व्हॉल्व्हची मूठ बघा, ती अजून टाकीकडे असेल तर पंप रिकाम्या टाकीतून वाराच ओढणार. ती बरोबर असेल तर आज साफ केलेली गाळणी पुन्हा उघडा. तिचं पारदर्शक झाकण एखादा आटा वाकडा बसलं किंवा आतली रबरी कडी दुमडली तरी खेच बसत नाही. नळीचं टोक कॅनच्या तळाला चिकटून बसलं नाही ना, तेही बघा.

— काका


रविवार, दुपारी ३:३०

गाळणीचं झाकणच होतं! वाकडं बसवलं होतं मी. नीट लावलं आणि पारदर्शक नळीतून गुलाबी रेघ सरसर वर चढली. पंपाचा आवाजही लगेच बदलला, घरघर जाऊन जड, भरलेला आवाज. मुलगा प्रत्येक नळाशी उभा राहून रंग सांगत होता. "फिकट, फिकट, अजून फिकट, आता गडद!" सगळ्या मोऱ्यांत ओतलं. बाहेरच्या नळीच्या तोंडातूनही पिचकारी आली. अडीच कॅन लागले. वसंतात हे काढायचं कसं, तेवढं सांगून ठेवा.

— नवी सभासद


रविवार, संध्याकाळी ५:१०

शाब्बास, ताई. मुलाचंही खास कौतुक.

वसंतात टाकीत स्वच्छ पाणी भरा, पंपाची मूठ पुन्हा टाकीकडे करा आणि प्रत्येक नळ रंग आणि फेस जाईपर्यंत सोडा. हे पाणी ग्रे टँकमध्ये जाऊ द्या आणि डंप स्टेशनवर सोडा, जमिनीवर नको. नळांच्या तोंडाच्या जाळ्या आधी काढून ठेवा. मग साध्या, बिनवासाच्या ब्लीचने निर्जंतुक करा: सुमारे ५५ लिटर पाण्याला ६० मिलिलिटर. हीटरचा बायपास बंद करून (मधला व्हॉल्व्ह बंद, बाकी दोन उघडे) त्यातही जाऊ द्या, रात्रभर ठेवा, आणि वास जाईपर्यंत धुवा.

आज आणखी एक काम करा. हीटरच्या विजेच्या बटणावर चिकटपट्टी लावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "टाकी रिकामी." रिकाम्या हीटरमध्ये वीज सोडली की आतला एलिमेंट जळतो. वसंतात घरातलं कुणीही आधी तेच बटण दाबतं. टाकी भरून गरम नळातून सलग धार येईपर्यंत ती पट्टी काढायची नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. बाहेरच्या शॉवरला दोन तोट्या असतात. गरम आणि थंड, दोन्ही सोडल्यात ना?

— काका


रविवार, संध्याकाळी ६:२५

काका, फक्त थंड सोडली होती. त्यातून गुलाबी आलं म्हणून झाकण लावून टाकलं.

तुमचं पत्र वाचून टॉर्च घेऊन गेलो दोघं. पंप चालू केला, गरम तोटी उघडली. आधी स्वच्छ पाणी आलं. साधारण वाटीभर. मग गुलाबी.

— नवी सभासद