मदत हवी आहे: खात्रीचे आयआरएफ३२०५ मॉस्फेट आणि काळ्या मातीतलं अर्थिंग

गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. काम इन्व्हर्टर दुरुस्तीचं. महिन्याला २०-२५ मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर; पाय तीन: गेट, ड्रेन, सोर्स) लागतात.

सुटे आणलेले नग आधी तपासतो: गेटला १० व्होल्ट, ड्रेन-सोर्समधून ५ अँपिअर, आणि ड्रेन-सोर्स या दोन पायांमध्ये किती मिलिव्होल्ट पडतात ते. डेटाशीटनुसार (कंपनीचं माहितीपत्रक) रोध कमाल ८ मिलिओहम, म्हणजे ४० मिलिव्होल्टच्या आत हवेत. काही नग दीडशेच्या घरात जातात. छपाई मात्र अस्सलपेक्षा ठळक! ते बाजूला काढतो.

पण पास झालेल्यांपैकीही काही बोर्डावर बसवताच गेट-सोर्स शॉर्ट निघतात. गेटची मर्यादा २० व्होल्ट, आणि उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी की नायलॉनची खुर्ची सरकवली तरी स्टॅटिकचा चटका बसतो; त्यानेच गेट जात असावेत. अंगावरचा चार्ज उतरवणारा १ मेगओहमचा मनगटी पट्टा, अँटिस्टॅटिक मॅट, चंदेरी पिशव्या घेतल्या आहेत. घोडं अडलंय अर्थिंगवर. सॉकेटच्या तिसऱ्या पिनला वायरच नाही (न्यूट्रलला जोडा म्हणू नका), आणि रॉड ठोकला तर काळी माती भेगाळून त्याला सोडते. २५ वॅटच्या दोन पिनी सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला टेस्टरही पेटतो.

पट्टा, मॅट आणि बोर्डाचा ग्राउंड एकाच बिंदूला जोडले, जमिनीशी जोड नसली, तर चालेल का? त्यात आयर्न कसं बसवायचं? आणि एलिमेंट१४ किंवा माऊसर या ऑनलाइन सुटे भाग विकणाऱ्यांकडून एवढ्या कमी नगांची ऑर्डर कुरिअरसकट परवडते का, की नागपुरात बिल आणि लॉट नंबर देणारा कोणी आहे?