मदत हवी आहे : आईचा जुना फोन आणि नवी फायबर लाइन

आई ८१ वर्षांची, डिमेन्शिया आहे. सांगलीत बाबांसोबत राहते. मागच्या महिन्यात तांब्याची लाइन जाऊन फायबर आली. नंबर तोच, पण सोबत आला कॉर्डलेस. आईला तो टीव्हीचा रिमोटच वाटतो. परवा हिरवं बटण दाबून चॅनेल बदलत होती आणि इकडे मी 'आई, आई' करतेय!

रविवारी गेले तेव्हा माळ्यावरचा जुना बटणांचा फोन काढून मोडेमच्या मागे लावला. रिंग वाजली, तिने सवयीने पदराने रिसीव्हर पुसला आणि उचलला. तेवढं जमलं.

पण वीज गेली की फोन मुका. पूर्वी एक्स्चेंजमधूनच वीज यायची, अंधारातही चालायचा. मोडेमसाठी छोटा यूपीएस कुणी वापरता का? किती वेळ टिकतो? आणि २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लागतो ना, तो तिच्या डोक्यात बसतच नाही. माझा नंबर मात्र तोंडपाठ! फोटो लावायची मोठी बटणं असलेला वायरचा फोन कुणी घेतलाय का? त्यात शून्यासकट नंबर भरून ठेवता येतो का?

मोबाइल द्या म्हणू नका, दोन देऊन झालेत. एक तांदळाच्या डब्यात सापडला.